अळीला कात टाकता आली नाही तर

गेल्या हिवाळ्यात तुरीच्या शेंगा भरत असताना मी वावरातून एक हिरवी अळी बरणीत घालून घरी आणली. रोज दोन-तीन कोवळ्या शेंगा आत टाकायच्या आणि तोंडाला धोतराचं फडकं बांधायचं, एवढीच तिची बडदास्त. बरणीत एकच अळी ठेवली होती, कारण घाटेअळ्या एकत्र ठेवल्या की एकमेकींना खातात. तिसऱ्या दिवशी तिनं शेंगेला तोंड लावणं सोडलं. काचेला चिकटून, डोकं जरासं उचलून दिवसभर तशीच बसून. मला वाटलं, मरतेय. रात्री भिंग घेऊन बसले, तर डोक्याच्या मागची कातडी ताणून फुगलेली आणि चकचकीत दिसत होती. जुन्या डोक्याचं कवच हळूहळू पुढे ढकललं गेलं आणि तोंडावर उलट्या वाटीसारखं लोंबायला लागलं. मानेमागे कातडी फाटली. पायातून मोजा उतरवावा तशी ती मागे मागे सरकत गेली आणि आतून ओलसर, फिकट, आधीपेक्षा मोठ्या डोक्याची अळी बाहेर आली. थोड्या वेळानं तोंडावरची वाटी गळून पडली. मोहरीच्या दाण्याहून लहान. ती मी चिकटपट्टीनं वहीत लावून ठेवली आहे.

मी तालुक्याच्या गावी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. घरची शेती भाऊ पाहतो. आमच्या धुऱ्यापलीकडे ज्यांचं वावर आहे ते काका दर हंगामात मला एकच प्रश्न विचारतात, "काहून मरत नाही माय थे अळी?" त्यांची अळी म्हणजे पऱ्हाटीवरची, म्हणजे कपाशीवरची, गुलाबी बोंडअळी. त्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर कुणाकडेच नाही, पण त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग त्या रात्री बरणीत दिसला. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

किड्याला आपल्यासारखी आत हाडं नसतात. त्याचं बाहेरचं कवच हाच त्याचा सांगाडा. ते कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं आणि प्रथिनांचं बनलेलं असतं, आणि एकदा घट्ट झालं की वाढत नाही. पोराचा पाय वाढला की शाळेचे बूट बदलावेच लागतात. अळीला अख्खं अंगच बदलावं लागतं. नुसती वरची कातडीही नव्हे. तिचे जबडे, श्वासनलिकांच्या आतलं अस्तर, अन्ननलिकेच्या पुढच्या आणि मागच्या भागाचं अस्तर, हे सगळं कातेबरोबर निघून येतं. म्हणून ती त्या दिवशी खात नव्हती. खाणार कशानं? जबडेच बदलायला काढलेले.

हे काम फार नाजूक असतं. आधी जुनी कात आतल्या पेशींपासून सुटते. मधल्या फटीत एक द्रव झिरपतो, त्यातली विकरं जुन्या कातेचा आतला थर विरघळवतात, आणि तो माल अळी परत शोषून घेते. त्याच वेळी खाली नवी कात विणली जात असते. जुनं घर न सोडता, त्याच्याच भिंतीच्या विटा काढून आत नवं घर बांधण्यासारखं. मग अळी हवा गिळते, अंग फुगवते, कात फोडते आणि बाहेर येते. बाहेर आल्यावरही काही तास ती मऊ आणि असहाय असते. स्वयंपाकघरात कधीतरी पांढरंशुभ्र झुरळ दिसतं, ते काही वेगळ्या जातीचं नसतं. नुकतीच कात टाकलेलं नेहमीचंच झुरळ असतं ते. काही तासांत तपकिरी आणि कडक होतं.

यातली एक पायरी जरी चुकली, तरी अळी आपल्याच जुन्या कातडीत अडकून मरते.

मग कात कधी टाकायची, हे ठरवतं कोण? अळीचा मेंदू इशारा देतो, छातीतल्या ग्रंथी एक्डायसोन नावाचं संप्रेरक सोडतात, आणि अंगभर हुकूम पोचतो. हे संप्रेरक शुद्ध स्वरूपात पहिल्यांदा १९५४ साली बुटेनांट आणि कार्लसन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी वेगळं केलं. त्यासाठी त्यांनी रेशीमकिड्याचे पाचशे किलो कोष वापरले आणि हाती आलं २५ मिलिग्रॅम. आपल्या हिशेबात सांगायचं, तर पाच क्विंटल मालातून चिमूटभरही नाही. एवढ्या थोड्या द्रव्यावर किड्याचं सगळं आयुष्य चालतं.

पण एक्डायसोन फक्त "कात टाक" एवढंच सांगतं. टाकून पुढे काय व्हायचं, आणखी मोठी अळी की कोष, हे दुसरं संप्रेरक ठरवतं. त्याला मी वर्गात बाल-संप्रेरक म्हणते. ते अंगात असेपर्यंत अळी कात टाकून पुन्हा अळीच होते. ते ओसरलं की बालपण संपतं.

या बाल-संप्रेरकाची एक गोष्ट मला फार आवडते, आणि ती आपल्या पऱ्हाटीच्या जवळची आहे. १९६० च्या दशकात कारेल स्लामा नावाचे चेक शास्त्रज्ञ आपल्याबरोबर लाल ढेकणांची पिल्लं घेऊन अमेरिकेत हार्वर्डला कॅरोल विल्यम्स यांच्या प्रयोगशाळेत गेले. आपल्या बोंडांवर सरकीतला रस शोषत बसणारे जे लाल-काळे ढेकूण असतात, त्यांच्याच कुळातले हे युरोपातले ढेकूण. मायदेशी ते व्यवस्थित वाढायचे. हार्वर्डला मात्र ते मोठेच होईनात. पिल्लू कात टाकायचं आणि पुन्हा पिल्लूच व्हायचं, अवाढव्य पिल्लू, आणि तसंच मरायचं. पाणी बदललं, खाणं बदललं, काही उपयोग नाही. शेवटी दोष सापडला तो भांड्यात अंथरलेल्या कागदी रुमालात. अमेरिकेतला कागद तिथल्या बाल्सम फर या झाडाच्या लगद्याचा होता, आणि त्या झाडात बाल-संप्रेरकासारखं द्रव्य असतं. मग त्यांनी वर्तमानपत्रं अंथरून पाहिली. अमेरिकन वर्तमानपत्रावर ढेकूण बालच राहायचे. लंडनच्या वर्तमानपत्रावर मोठे व्हायचे. हे संशोधन १९६५ साली प्रसिद्ध झालं. झाडं किड्यांशी अशीही लढतात, हे तेव्हा उघड झालं.

पण संप्रेरकाचा हुकूम पेशीच्या आत ऐकतं कोण? कुठलं जनुक? हे शोधायला बराच काळ हत्यार नव्हतं. ते हत्यार म्हणजेच जनुक गप्प बसवणं.

समजा मूळ सातबारा तहसीलच्या दप्तरात आहे. तो कुणी बाहेर नेत नाही. काम असलं की नक्कल काढतात, आणि नकलेवर पुढचं काम होतं. पेशीतही असंच आहे. जनुक म्हणजे डीएनएमधला मूळ मजकूर. तो पेशीच्या केंद्रकातच राहतो. त्याची आरएनए नावाची नक्कल बाहेर येते आणि तिच्यावरचा मजकूर वाचून प्रथिन तयार होतं. आता मूळ दप्तराला हात न लावता, बाहेर आलेली प्रत्येक नक्कल दारातच फाडून टाकली तर? जनुक शाबूत, पण त्याचं काम बंद. याला आरएनए इंटरफिअरन्स, थोडक्यात आरएनएआय म्हणतात.

नक्कल फाडणारी यंत्रणा आपण आणलेली नाही. ती पेशीतच असते. नेहमीची नक्कल एकपदरी असते. बरेच विषाणू मात्र पेशीत शिरले की दुपदरी आरएनए तयार होतो. म्हणून दुपदरी आरएनए दिसला की पेशी त्याला शत्रू समजते. डायसर नावाचं विकर अडकित्त्यासारखं त्याचे बारीक तुकडे करतं, साधारण एकवीस-बावीस अक्षरांचे. आर्गोनॉट नावाचं प्रथिन त्यातला एक पदर नमुना म्हणून हाती घेतं आणि तसाच मजकूर असलेली नक्कल सापडली की कापून टाकतं. शास्त्रज्ञांची युक्ती एवढीच की आपल्याला हव्या त्या जनुकाच्या मजकुराचा दुपदरी आरएनए तयार करून पेशीत सोडायचा. पुढचं काम पेशी स्वतः करते.

याचा पहिला सुगावा फुलांनी दिला होता. १९९० च्या सुमारास पेटुनियाचा जांभळा रंग गडद करण्यासाठी झाडात रंगाचं जनुक आणखी घातलं, तर काही फुलं चक्क पांढरी उमलली. का, ते तेव्हा कळलं नाही. १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एक मिलिमीटर लांबीच्या सूत्रकृमीवर प्रयोग करून दाखवलं की हे सगळं दुपदरी आरएनएमुळे घडतं. २००६ साली त्यांना नोबेल मिळालं.

कीटकांमध्ये या तंत्राला सर्वांत चांगली दाद देणारा प्राणी आपल्या डब्यातच असतो. जुन्या पिठात होणारा तो तांबडा, चपटा, बारीक किडा. त्याच्या अळीला बारीक सुईनं दुपदरी आरएनए टोचला की परिणाम अंगभर पसरतो; मादीला टोचला तर तिच्या अंड्यांपर्यंत पोचतो. त्यामुळे जगभरच्या प्रयोगशाळांनी एकेक जनुक गप्प बसवून पाहिलं आणि विचारलं, आता काय बिघडलं?

उत्तरं थक्क करणारी आहेत. कायटिन विणणारी दोन जनुकं या किड्यात आहेत. २००५ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्ससच्या शास्त्रज्ञांनी पहिलं गप्प बसवलं, तर अळीला कात टाकता आली नाही. दुसरं गप्प बसवलं, तर कात नीट टाकली, पण आतड्यातला कायटिनचा पडदा गेला. अळीचं खाणं सुटलं आणि ती आकसत गेली. त्याच सुमारास लॅकेज-२ नावाचं जनुक गप्प बसवल्यावर किडे कोषातून बाहेर आले ते पांढरे आणि मऊच राहिले, कडक झालेच नाहीत, आणि मेले. ते पांढरं झुरळ आठवा; समजा ते कधी तपकिरी झालंच नाही. जुनी कात विरघळवणारी विकरंही अनेक निघाली, आणि प्रत्येकीची वेळ वेगळी: एकीशिवाय अळीची कात निघत नाही, दुसरीशिवाय फक्त शेवटची, कोषातून बाहेर पडतानाची.

आणि त्या लाल ढेकणांची गोष्टही पुढे गेली. हार्वर्डच्या कागदानं त्यांचं बालपण लांबवलं होतं. २०११ मध्ये चेक शास्त्रज्ञांनी त्याच जातीच्या पिल्लांत बाल-संप्रेरकाचा निरोप ऐकणारी जनुकं गप्प बसवली, आणि पिल्लं वेळेआधीच, लहान आकारातच, प्रौढ रूप घ्यायला लागली. निरोप अंगात होता, पण तो ऐकणारा कान बंद. जवळजवळ पन्नास वर्षांनी त्याच ढेकणानं कोड्याची दुसरी बाजू दाखवली. हे वाचलं त्या दिवशी मी वर्गात दुसरं काही शिकवलंच नाही.

आता शेतात येऊ. कात बिघडवून कीड मारायची कल्पना आपल्या कृषी केंद्रात आधीच पोचली आहे. नोव्हॅल्युरॉन, ल्युफेन्युरॉन ही औषधं कायटिन तयार होऊ देत नाहीत. पांढऱ्या माशीवरचं पायरीप्रॉक्सिफेन बाल-संप्रेरकाची नक्कल करतं. ती मारल्यावर अळी लगेच तडफडत नाही, पुढची कात टाकताना मरते. पण तेवढे दिवस थांबायची आपली तयारी नसते. तिसऱ्या दिवशी अळी जिवंत दिसली की "औषध फेल गेलं" म्हणून दुसरं आणून त्यातच मिसळतात. या औषधांची एक अडचणही आहे. कात टाकायची पद्धत सगळ्या किड्यांची सारखीच, त्यामुळे शत्रू-मित्र हा भेद त्यांना पूर्ण करता येत नाही. शेजारी तुतीवर रेशीमकिडे असतील, किंवा भंडारा-गडचिरोलीकडे ऐनाच्या झाडावर टसरच्या अळ्या असतील, तर त्यांनाही कात टाकायचीच असते.

जनुक गप्प बसवण्याचं खरं मोल इथे आहे. बोंडअळीचं आणि रेशीमकिड्याचं कायटिनचं जनुक एकच काम करतं, पण दोन्हींचा मजकूर अक्षर न् अक्षर सारखा नसतो. फक्त बोंडअळीतच सापडेल असा तुकडा निवडला, तर रेशीमकिडा, मधमाशी, मित्रकीटक यांना तो लागू पडू नये. लक्षपूर्वक निवडावा लागतो, तपासावा लागतो, पण याला पत्ता लिहिलेलं औषध म्हणता येईल. आरएनए आपणही रोज भाजी-भाकरीतून खातो आणि पचवतो. जमिनीत तो काही दिवसांतच विरून जातो.

मला हे इतकं महत्त्वाचं का वाटतं, ते सांगते. २०१७ च्या पावसाळ्याअखेर यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो दवाखान्यात गेले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, दमट हवा, पंप पाठीवर, आणि फवारा तोंडावर येणारा. माझ्या वर्गातल्या एका मुलाचे वडील त्यात होते; ते वाचले, पण त्यांना बरेच दिवस नीट दिसत नव्हतं. त्यानंतर किडीच्या औषधाविषयी बोलताना मी पहिल्यांदा फवारणाऱ्या माणसाचाच विचार करते.

मग हे औषध येत का नाही? काही ठिकाणी आलंय. मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्यावर दुपदरी आरएनए तयार करणाऱ्या मक्याला अमेरिकेत २०१७ मध्ये मान्यता मिळाली. बटाट्यावरच्या कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी लेडप्रोना नावाचं फवारायचं आरएनए औषध तिथे डिसेंबर २०२३ मध्ये नोंदवलं गेलं. ते कातेवर नाही, पेशीतली खराब प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेवर घाव घालतं. ही दोन्ही औषधं भुंगेऱ्यांवरची आहेत, आणि हा योगायोग नाही. पिठातला किडाही भुंगेराच. भुंगेऱ्यांनी आरएनए खाल्ला तरी तो पेशींपर्यंत पोचतो.

आपला शत्रू पतंगवर्गातला आहे, आणि पतंगांच्या अळ्या या बाबतीत हट्टी असतात. त्यांच्या आतड्यातला रस अल्कधर्मी, शिवाय त्यात दुपदरी आरएनए कापणारी विकरं भरपूर. जो थोडा आरएनए पेशीत शिरतो, तो तिथल्या पिशव्यांत अडकून पडतो. तरी वाट अगदी बंद नाही. माझ्या बरणीत होती तीच अळी पऱ्हाटीवर हिरवी बोंडअळी म्हणून येते, आणि २००७ साली शांघायच्या शास्त्रज्ञांनी तिच्यावरच एक सुरेख प्रयोग केला. पऱ्हाटीच्या पानांत आणि सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं. सरकीची ढेप जनावराला बेतानं घालायची ती त्यामुळेच. ही अळी ते पचवते कशी, तर एका विशिष्ट जनुकाच्या जोरावर. त्या जनुकाचा दुपदरी आरएनए तयार करणारी झाडं तिला खाऊ घातली, तर गॉसिपॉलपुढे ती दुबळी झाली, तिची वाढ खुंटली. म्हणजे आपण विष घालायचं नाही, झाडाचं स्वतःचं विष त्याला परत मिळवून द्यायचं. या विषयातली मला सर्वांत सुंदर वाटणारी कल्पना ही.

गुलाबी बोंडअळी त्याहून अवघड. अंड्यातून निघाली की ती लगेच पाती, फूल किंवा कोवळ्या बोंडात शिरते, मागचं भोक बुजतं, आणि मग जवळजवळ सगळ्या काता ती आतच टाकते. वरून फवारलेला आरएनए तिच्यापर्यंत जाणार कसा? उन्हा-पावसात तो पानावरही फार टिकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठानं २०१७ मध्ये मातीच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांवर आरएनए बसवून पानावर विषाणूपासूनचं संरक्षण वीस दिवसांपर्यंत टिकवून दाखवलं, पण पानावर टिकणं वेगळं आणि बोंडाच्या आत पोचणं वेगळं. सोयाबीनवरचा चक्रीभुंगा आणि जमिनीतली हुमणी मात्र भुंगेरेवर्गातल्या. विदर्भात या तंत्राचा पहिला उपयोग झाला तर तिथे होईल, असा माझा अंदाज आहे.

आणि एक गोष्ट लपवून ठेवायची नाही. कीड यालाही सरावते. मक्यावरच्या भुंगेऱ्यात आणि बटाट्यावरच्या भुंगेऱ्यात प्रयोगशाळेत असे वाण निवडून तयार झाले, ज्यांच्यावर दुपदरी आरएनए चालतच नाही; मक्यावरच्यात तर आतड्याच्या पेशी तो आत घेतच नाहीत. मग मजकूर बदलून उपयोग नाही, दारच बंद. बोंडअळीला मारणारं विष झाडातच तयार करणारा बीटी कापूस २००२ मध्ये आपल्याकडे आला, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं, आणि २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीनं आपली बोंडं पोखरलेली आपण पाहिली. एकाच हत्याराच्या भरवशावर वर्षानुवर्षं वावर सोडलं की काय होतं, हे विदर्भाला कुणी शिकवायला नको. एवढ्यात कुणी "आरएनएचं औषध" म्हणून बाटली घेऊन दारात आलं, तर तिच्यावर केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी क्रमांक आहे का, ते आधी पाहा.

पुढे एक दिवस काका आले तेव्हा मी त्यांना वही उघडून दाखवली. त्यांनी भिंग डोळ्याला लावून ती डोक्याची वाटी बराच वेळ पाहिली. "म्हंजे यातून निंगतानाच तिले धराचं?" मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "पण थे त बोंडाच्या आत रायते." मी म्हटलं, तीच तर अडचण आहे काका, आणि सध्या तिला बोंडाबाहेरच गाठावं लागतं. तिचा पतंग कामगंध सापळ्यात येतो. सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले, तर फवारणीची वेळ. हंगामाअखेर ती जोड-सरकीत आणि राहिलेल्या बोंडांत झोपून जाते, आणि फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभीच ठेवली, की तिला उन्हाळ्यापर्यंत घरबसल्या खायला मिळतं.

"मंग यंदा फरदड नाही ठेवाची?"

"नका ठेवू."

त्यांच्या वावरात तेव्हा झाडाला दहा-बारा हिरवी बोंडं होती, भावही बरा होता, म्हणून ते सोपं नव्हतं. पुढच्या आठवड्यात त्यांनी पऱ्हाट्या उपटल्या आणि वावर हरभऱ्याला मोकळं केलं. माझी अळी तोवर बरणीतल्या मातीत शिरून कोष झाली होती.